चाक फिरण्याआधीचं कर्ज

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. तेच पेट्रोल इंजिनात जळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघेलच कसं? उत्तर शाळेतल्या रसायनशास्त्रात आहे. पेट्रोलमध्ये वजनाने बहुतेक कार्बनच असतो, लिटरमागे साधारण ६४० ग्रॅम. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो, आणि १२ वजनाच्या अणूचा ४४ वजनाचा रेणू होतो. म्हणजे टाकीत जेवढं भरतो त्याच्या तिप्पट वजन आपण हवेत सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. ४० लिटरची टाकी संपते तेव्हा नव्वद किलोहून जास्त वायू मागे राहिलेला असतो, आणि आरशात बघितलं तर मागे रस्ता तेवढा दिसतो.

हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण इलेक्ट्रिक गाडीचा वाद बहुतेक वेळा तो बाजूला ठेवूनच सुरू होतो. एक जण म्हणतो, इलेक्ट्रिक गाडीचं उत्सर्जन शून्य. दुसरा लगेच म्हणतो, कसलं शून्य, धूर इथला उचलून वीजकेंद्राच्या चिमणीत नेऊन ठेवला, एवढंच. मला दोन्ही वाक्यांचा त्रास होतो. दोघांनीही गाडीच्या आयुष्याचा एकच तुकडा हातात घेतलेला असतो, आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे होतात. गाडी खाणीत सुरू होते आणि भंगारात संपते. मधली पंधरा-वीस वर्षं ती धावते. हे सगळं एका कागदावर मांडल्याशिवाय तुलना होत नाही.

सुरुवात इलेक्ट्रिक गाडीच्या दुबळ्या बाजूपासून करू, म्हणजे बॅटरीपासून.

बॅटरी म्हटलं की लिथियम आणि कोबाल्ट आठवतात. जगातल्या कोबाल्टचा सर्वांत मोठा वाटा काँगोच्या खाणींतून येतो, आणि तिथल्या माणसांचे हाल हा स्वतंत्र, गंभीर विषय आहे. पण कार्बनच्या हिशेबात ज्या पदार्थाचं नाव फारसं निघत नाही तो म्हणजे ग्रॅफाइट. मध्यम आकाराच्या गाडीच्या बॅटरीत ते ५०-६० किलो तरी असतं. त्यातलं बरंचसं कृत्रिम असतं, आणि ते बनतं तेलशुद्धीकरणात उरणाऱ्या कोकपासून. पेट्रोलला पर्याय म्हणून आणलेल्या गाडीच्या पोटात तेलाचाच गाळ आहे! हा कोक भट्टीत जवळपास ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, तेव्हा त्यातल्या कार्बनचे थर एकावर एक नीट बसतात. भट्टी पेटल्यापासून माल थंड होऊन बाहेर निघेपर्यंत आठवडे जातात. एवढी उष्णता विजेने निर्माण करायची, आणि या भट्ट्यांपैकी कितीतरी चीनच्या इनर मंगोलिया प्रांतात, जिथली वीज मुख्यतः कोळशाची.

पुढची पायरी कारखान्यातल्या कोरड्या खोलीची. बॅटरीतलं लिथियमचं क्षार पाण्याच्या वाफेला लागलं की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं आणि सेल आतून खराब होतो. म्हणून सेल जिथे जुळवले जातात तिथली हवा वाळवंटातल्या हवेपेक्षाही कितीतरी कोरडी ठेवतात. इतकी, की उणे ४० अंशांपर्यंत थंड केली तरी तिच्यातून दव पडत नाही. आत माणसं किती असावीत याचाही हिशेब असतो, कारण माणसाच्या श्वासातली वाफ यंत्रांना बाहेर काढावी लागते. ही हवा रात्रंदिवस कोरडी राखणं आणि विद्युत अग्रांवर (इलेक्ट्रोडवर) दिलेला लेप वाळवणं, सेलच्या कारखान्यातली बरीचशी ऊर्जा या दोन कामांवर जाते. गाडी अजून एक किलोमीटरही चाललेली नाही, आणि खर्च सुरू झाला आहे.

किती खर्च? इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्वीडनच्या आयव्हीएल या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१७ मध्ये एक अहवाल काढला. बॅटरीच्या क्षमतेच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे (म्हणजे विजेच्या एका युनिटमागे) १५० ते २०० किलो कार्बन डायऑक्साइड, असा त्यांचा अंदाज होता. त्यावरून मोठ्या बॅटरीचं उत्सर्जन म्हणजे पेट्रोल गाडी आठ वर्षं चालवण्याएवढं, असे मथळे जगभर फिरले. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच संस्थेने नवा अहवाल दिला, आणि तो आकडा ६१ ते १०६ किलोंवर आला. दरम्यान मोठे कारखाने पूर्ण क्षमतेने चालू लागले होते आणि मोजायला प्रत्यक्षातली माहिती उपलब्ध झाली होती. दुसऱ्या अहवालाचा मथळा फारसा कुठे झाला नाही. आजही चर्चेत कोणी छातीठोकपणे आठ वर्षांची गोष्ट सांगतो तेव्हा त्याच्या डोक्यात २०१७ चा आकडा असतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या संशोधकांनी नव्या माहितीनुसार आपलाच अंदाज बदलला, त्यांच्या प्रामाणिकपणाचा उपयोग कोणालाच झाला नाही.

आता स्वतः हिशेब करू. मी तो कागदावर करते, कारण तयार आकड्यांपेक्षा स्वतः केलेला भागाकार डोक्यात राहतो. ६० किलोवॉट-तासांची बॅटरी धरा आणि किलोवॉट-तासामागे ७५ किलो. साडेचार टन झाले. बाकीची गाडी, म्हणजे पोलाद, ॲल्युमिनियम, काच, रबर, दोन्ही प्रकारांत थोड्याफार फरकाने सारखीच; तिचे सात टन धरू. पेट्रोलची गाडी सात टनांवर कारखान्याबाहेर पडते, इलेक्ट्रिक साडेअकरा टनांवर. हे साडेचार टन म्हणजे इलेक्ट्रिक गाडीने चाक फिरण्याआधी उचललेलं कर्ज. ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की ते फिटतं का, आणि कधी.

पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं समजू. सायलेन्सरमधून किलोमीटरमागे साधारण १५५ ग्रॅम. पण पेट्रोल पंपावर आपोआप उगवत नाही. जमिनीतून तेल काढताना, नको असलेला वायू विहिरीच्या तोंडाशीच जाळून टाकताना, गळणाऱ्या मिथेनमधून, जहाजातून आणि शुद्धीकरणातही उत्सर्जन होतंच. ते धरलं की आकडा पाचवा हिस्सा तरी वाढतो आणि १८५ ग्रॅमच्या घरात जातो. विजेच्या गाडीला कोळशाचा हिशेब विचारणारे पेट्रोलच्या गाडीला हा हिशेब क्वचितच विचारतात.

इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली घट धरून एका युनिटला साडेपाच किलोमीटर चालते असं समजा. मग सगळा प्रश्न त्या एका युनिटवर येऊन ठेपतो. पाणी, वारा आणि अणुऊर्जेवर चालणाऱ्या देशात ते युनिट ५० ग्रॅमचं असेल, तर किलोमीटरमागे जेमतेम ९ ग्रॅम. कर्ज पंचवीस-सव्वीस हजार किलोमीटरमध्ये फिटलं. कोळसा, वायू आणि स्वच्छ स्रोत यांची सरमिसळ असेल, युनिटमागे ४५० ग्रॅम, तर ते फिटायला ४३ हजार किलोमीटर लागतात. ७०० ग्रॅमचं युनिट असेल, म्हणजे आज भारतात साधारण आहे तसं, तर ७५ हजारांच्या पुढे. आणि तारांमधली गळती धरली की आणखी पुढे. आणि निव्वळ जुनाट कोळसा केंद्रांची वीज असेल, युनिटला १००० ग्रॅम, तर किलोमीटरमागे १८० ग्रॅम. पेट्रोलच्या १८५ शी जवळजवळ बरोबरी. ते कर्ज गाडीच्या आयुष्यात फिटत नाही. धूर फक्त जागा बदलतो असं म्हणणारा माणूस या शेवटच्या ओळीपुरता बरोबर आहे. मात्र निव्वळ जुनाट कोळशावर चालणारे देश जगात मोजकेच उरले आहेत.

माझं गणित घरगुती आहे, पण ज्यांनी ते सविस्तर केलं त्यांची उत्तरंही याच वाटेने जातात. व्होल्वो कंपनीने २०२१ मध्ये आपल्याच दोन गाड्यांची तुलना छापली: पेट्रोलची एक्ससी४० आणि इलेक्ट्रिक सी४०. इलेक्ट्रिक गाडी बनवताना जवळपास ७० टक्के जास्त उत्सर्जन होतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. विकणाऱ्याने असं लिहिणं मला मोलाचं वाटतं. दोन लाख किलोमीटरच्या आयुष्यात पेट्रोलच्या गाडीचे ५९ टन, इलेक्ट्रिकचे जगाच्या सरासरी विजेवर ५०, युरोपच्या विजेवर ४२ आणि पवनऊर्जेवर २७. बरोबरी गाठायला लागणारं अंतर अनुक्रमे १ लाख १० हजार, ७७ हजार आणि ४९ हजार किलोमीटर. त्याच वर्षी रॉयटर्सने अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचं प्रारूप वापरून टेस्ला मॉडेल ३ आणि टोयोटा कोरोला समोरासमोर ठेवल्या. अमेरिकेच्या सरासरी विजेवर बरोबरी २२ हजार किलोमीटरच्या आतच झाली, नॉर्वेत साडेतेरा हजारांवर, आणि सगळी वीज कोळशाची धरली तर सव्वा लाखावर. गाड्या त्याच, बॅटरी तीच. बदलली ती फक्त प्लगच्या पलीकडची बाजू.

इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेचा २०२१ चा अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटतो. ही तीच संस्था, जिने रस्त्यावर करवून घेतलेल्या चाचण्यांमधून २०१५ चं फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन चाचण्यांतल्या फसवणुकीचं प्रकरण उघडकीला आलं. म्हणजे छापील आकड्यांवर विश्वास न ठेवण्याची सवय असलेली मंडळी. त्यांनी गाडीच्या आयुष्यात वीज बदलत जाईल हे धरून हिशेब केला. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीचं आयुष्यभराचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, अमेरिकेत ६० ते ६८, चीनमध्ये ३७ ते ४५ आणि भारतात १९ ते ३४ टक्के कमी निघालं. चारही ठिकाणी कमीच, पण किती कमी याच्यात केवढी तफावत!

वीज बदलत जाईल हे धरून, हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण माझ्या मते साऱ्या तुलनेचं मर्म तिथे आहे. पेट्रोलच्या गाडीचं भवितव्य ती विकत घेतली त्या दिवशीच ठरतं. किलोमीटरमागे जेवढं जळायचं तेवढं ती पंधरा वर्षं जाळणार; इंजिन झिजलं तर थोडं जास्तच. इलेक्ट्रिक गाडीचं खातं मात्र उघडं राहतं. ब्रिटनचं उदाहरण घ्या. २०१२ साली तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. त्या वर्षी कोणी इलेक्ट्रिक गाडी घेतली असती तर त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकवलंच असतं, की तुझी गाडी कोळशावर चालते. पण पुढच्या बारा वर्षांत समुद्रातल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकेक करून कोळसा केंद्रं बंद पडली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचं केंद्रही थांबलं. गाडीत एक स्क्रू बदलला नाही, तरी ती आधीपेक्षा किती तरी स्वच्छ झाली. मालकाला काहीच करावं लागलं नाही. ज्यांनी वाऱ्याचे प्रकल्प मंजूर केले आणि उभारले, त्यांनी ते केलं. म्हणूनच आजच्या विजेवरून इलेक्ट्रिक गाडीला कायमचं नापास करणं मला अन्यायाचं वाटतं. ती गाडी २०४० च्या विजेवरही धावणार आहे.

पण याच युक्तिवादाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वीज आपोआप स्वच्छ होत नाही. ज्या देशात नवी कोळसा केंद्रं उभी राहतात तिथे हे उघडं खातं उलट्या दिशेनेही भरू शकतं. शिवाय सरासरी आकडा प्रत्येक तासाला लागू होत नाही. संध्याकाळी सगळे घरी येऊन प्लग लावतात, तेव्हा वाढलेली मागणी भागवायला बहुधा कोळसा किंवा वायूचं केंद्रच जोर लावतं, कारण सूर्य मावळलेला असतो. सौरऊर्जा भरपूर असलेल्या ठिकाणी दुपारी कधी कधी वीज वापराअभावी सोडून द्यावी लागते. तीच गाडी, तेच युनिट, आणि चार्जिंगची वेळ बदलली की उत्सर्जन बदलतं. कामाच्या जागी, दिवसा चार्जिंगची सोय करणं हा म्हणूनच मला गाडीच्या मॉडेलपेक्षाही मोठा प्रश्न वाटतो.

पेट्रोलचं इंजिन आणि प्लग लावून चार्ज करायची बॅटरी, दोन्ही असलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांबद्दल थोडक्यात. कागदावर त्या दोन्हींचा सुवर्णमध्य दिसतात. युरोपीय आयोगाने गाड्यांमधल्याच इंधनमापकांची माहिती गोळा करून २०२४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. लोक त्या पुरेशा चार्जच करत नाहीत. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्येही फरक होता, पण वीस टक्क्यांच्या आसपास.

मला खरी काळजी वाटते ती आकाराची. अमेरिकेत निघालेल्या इलेक्ट्रिक हमरचं वजन चार टनांहून अधिक आहे. एकट्या बॅटरीचं वजन तेराशे किलोंच्या पुढे, म्हणजे एखाद्या सबंध मध्यम गाडीएवढं. अमेरिकन कौन्सिल फॉर ॲन एनर्जी-एफिशियंट इकॉनॉमीने हिशेब केला, तर अमेरिकेच्या सरासरी विजेवर ही हमर मैलामागे ३४१ ग्रॅम उत्सर्जन करते. शेवरोले मालिबू ही साधी पेट्रोलची गाडी ३२० ग्रॅम करते. बॅटरी बनवतानाचं कर्ज यात धरलेलंच नाही. इलेक्ट्रिक असणं हा काही सर्व दोषांवरचा उतारा नव्हे. चार टन लोखंड हलवायला लागते तेवढी ऊर्जा लागतेच. आणि हा एखाददुसरा अपवाद असता तर मी इतकं लिहिलं नसतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या जवळपास निम्म्या गाड्या एसयूव्ही होत्या. इंजिन बदलून जे वाचवतो ते वजन वाढवून घालवतो. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी पुरत असताना १०० ची घेणं म्हणजे कधी न वापरण्यासाठी साडेचार टन हवेत सोडणं. लांबच्या प्रवासात बॅटरी संपेल ही भीती मला समजते, पण तिच्यावरचा उपाय रस्त्याकडेची भरवशाची चार्जिंग केंद्रं हा आहे. प्रत्येकाने वर्षभर तीन-चारशे किलो जास्तीची बॅटरी वाहून नेणं हा नाही.

गाडी संपल्यावर काय, हेही विचारलं जातं. जळलेलं पेट्रोल परत मिळत नाही. बॅटरीतलं निकेल, कोबाल्ट, लिथियम झिजून नाहीसं होत नाही, ते काढून घेता येतं, आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्याने २०३१ पासून नव्या बॅटरीत पुनर्वापरातल्या धातूंचा किमान वाटा बंधनकारक केला आहे: कोबाल्ट १६ टक्के, लिथियम आणि निकेल ६-६ टक्के. आकडे लहान आहेत, कारण भंगारात यायला पुरेशा बॅटऱ्या अजून म्हाताऱ्याच झालेल्या नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीकडे लहानशी जुनी पेट्रोलची गाडी आहे. तिने मध्यंतरी विचारलं, “ताई, मी ही विकून इलेक्ट्रिक घेऊ का? चालवताना अपराधी वाटतं गं.” ती वर्षाला चार हजार किलोमीटर चालवते. म्हणजे वर्षाला पाऊण टनाच्याही आत. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली तर तिच्यासाठी साडेअकरा टन नव्याने खर्ची पडणार, कारण जुनी गाडी बनवतानाचं उत्सर्जन केव्हाच होऊन गेलंय. वीज अगदी स्वच्छ असली तरी ते भरून निघायला सोळा-सतरा वर्षं लागतील. शिवाय तिची जुनी गाडी विकली म्हणजे थांबली असं नाही. ती घेणारा कदाचित वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवेल. मी तिला सांगितलं, आहे ती मोडकळीला येईपर्यंत चालव, टायरमध्ये हवा नीट ठेव, आणि जमेल तिथे बसने जा. नवी घ्यायची वेळ येईल तेव्हा इलेक्ट्रिक घे, आणि लहान घे.

पण वर्षाला साठ हजार किलोमीटर धावणारी टॅक्सी घेतली तर हाच कागद उलटा वाचला जातो. साधारण मिश्र विजेवरसुद्धा तिचे वर्षाला सहा टन वाचतात. बॅटरीचं कर्ज नऊ महिन्यांत फिटतं, आणि जुनी गाडी भंगारात काढून नवी घेतली तरी तिचं सगळं उत्सर्जन दोन वर्षांत वसूल होतं. सामान पोहोचवणाऱ्या गाड्यांचं, रिक्षांचं तसंच. सवलती आणि चार्जिंगच्या जागा देताना आधी नंबर लागायला हवा तो या गाड्यांचा. रविवारी फेरफटका मारायला बाहेर निघणारी बहिणीची गाडी त्या रांगेत बरीच मागे उभी राहू शकते, आणि सगळ्यांच्या पुढे, दिवसभर माणसं भरभरून नेणारी बस.